आखूड नाकाचे आठ प्लग

जो अग्नी चुलीत, निरांजनात आणि यंत्राच्या पोटात सारख्याच निष्ठेने जळतो, त्या अग्निनारायणाला आणि माझ्या कुलदैवताला वंदन करून हे प्रकरण लिहावयास घेतो. निमित्त आजच्या खंडेनवमीचे आहे. सकाळी पाटावर हत्यारे मांडली: स्वयंपाकघरातली विळी, अंगणातली कोयती, माझी लेखणी, सुनेचा लॅपटॉप, आणि त्यांच्या कडेला, दरवर्षीप्रमाणे, मोटारीचा एक जुना स्पार्क प्लग. नात यंदा पहिल्यांदाच पूजेला जवळ बसली होती. "आजोबा, ह्याने काय कापतात?" असे तिने विचारले. काही कापत नाहीत, एवढेच मी म्हणालो. मग तो इथे का, याचे उत्तर तिच्या वयाला पेलेल असे मला सुचेना. नैवेद्य झाल्यावर हा कागद पुढे ओढला तो त्यासाठी. ती मोठी होईल तेव्हा वाचील.

पाठशाळेतली आठ वर्षे पुरी करून मी बाहेर पडलो तेव्हा मला संहिता येत होती, पदपाठ येत होता, आणि पोट भरण्याची विद्या तेवढी येत नव्हती. दत्तूमामा ओमानमध्ये इब्रीच्या बाजारात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानी काउंटर सांभाळीत. त्यांनी आपल्या अर्बाबांना, म्हणजे मालकांना, शब्द टाकून माझा व्हिसा काढविला. अर्बाबांनी विचारले, मुलाला काय येते? मामांनी सांगितले, त्याला पाठ करता येते. हे उत्तर ऐकून अर्बाब नासिर प्रसन्न झाले म्हणे. त्यांचे स्वतःचे बालपणही पाठांतरातच गेले होते. "पाठ करनेवाला लडका चोरी नहीं करता," असे ते म्हणाले, आणि एवढ्या भांडवलावर मी समुद्र ओलांडून त्या वाळवंटाच्या कडेच्या गावी येऊन पोहोचलो.

मामांचे घर दोन खोल्यांचे होते. खिडकीतला एसी रात्रंदिवस घरघरे आणि त्याच्या पाठीमागून ठिबकणारे पाणी मालूमामी बादलीत धरून तुळशीला घालीत. त्या देशी तुळस वाढवणे हे एक व्रतच होते. मामींनी ती पत्र्याच्या डब्यात लावली होती आणि दुपारच्या उन्हात त्या तो डबा लेकरासारखा कडेवर घेऊन आत आणीत. सकाळी घावन, दुपारी कुळथाचे पिठले किंवा मुगाची आमटी, आणि गूळ संपला की खजुराची पोळी. कुळीथ गावाहून येत, खजूर अर्बाबांच्या बागेतून. पहाटेची बांग झाली की मामा उठत, मी संध्येला बसे, आणि मामी रवा भाजायला घेत. तो भाजलेल्या रव्याचा वास मला आजही कुठे आला तर मी क्षणभर इब्रीत असतो. सूनबाईंना वाटते, आजोबांना भूक लागली. "पुढे बघ हो," मामी मला सांगत, "पांढरा राहिला तर कच्चा, काळवंडला तर गेला. मधे एक रंग असतो, तो डोळ्यांत धर." मी ढवळत राही. तो रंग पुढे कुठल्या कामी येणार आहे, याची त्या माउलीला किंवा मला कल्पना नव्हती.

दुकानात माझा लौकिक लवकर झाला. प्रत्येक मोटारीला कोणता पट्टा, कोणता फिल्टर, कोणता प्लग लागतो याची जाडजूड कॅटलॉग पुस्तके फळीवर होती, आणि ती मी एका हिवाळ्यात मुखोद्गत केली. जुनी सवय होती. अंक आणि अक्षरे मला अर्थावाचूनही चिकटत. गिऱ्हाईक गाडीचे नाव घेई आणि मी मान वर न करता क्रमांक सांगे. शेजारचे मलबारी दुकानदार गंमत म्हणून परीक्षा पाहायला येत आणि हरून मला चहा पाजीत. "ये लडका किताब को बेकार कर दिया," असे ते म्हणत आणि मामांची छाती फुगे. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या पाठशाळेत पोथी उघडून म्हणणारा हलका समजला जाई. गुरुजी पोथीला हात लागलेला पाहिला तरी नुसते बघत, आणि ते बघणे छडीपेक्षा लागे. ती लाज मी बरोबर घेऊन आलो होतो. आणि मूळ पाठाखाली बारीक अक्षरांत जे छापलेले असते ते पाठात धरायचे नसते, हीही तिथलीच शिस्त. कॅटलॉगच्या तळटिपा मी म्हणूनच सोडून दिल्या होत्या.

दुकानाला लागून अर्बाबांचेच गॅरेज होते आणि तिथले मेकॅनिक हसनभाई. खाडीच्या अलीकडे माझी पाठशाळा, पलीकडे त्यांचे दाभोळ. तरीत बसलो असतो तर एकमेकांना आधीच भेटलो असतो, असे ते म्हणत. वय पंचावन्नच्या पुढे, दाढीला मेंदी, आणि इंजिनाला कान लावून बोलण्याची खोड. मला ते पहिल्या दिवसापासून भटजी म्हणत. मागच्या खंडेनवमीला त्यांनी आपला प्लग काढण्याचा लांब पाना फडक्यात गुंडाळून मामींकडे दिला होता. "आमच्या गावच्या गॅरेजात शेट सगळ्यांची हत्यारं पूजंला घ्यायचा. माझा पाना बिनपूजंचा ऱ्हायला तर तो रुसतो. भटजी, चांगला मंत्र मार. गेल्या साली मामानं घाईत उरकला, सहा महिनं हातातनं निसटत व्हता." मामा म्हणाले, "हसनभाई, निसटतोय तो तुमच्या हाताच्या तेलामुळे." "आता मंत्र कच्चा म्हटला की तेलावर ढकला," हसनभाईंनी उत्तर दिले आणि पाना ठेवून गेले.

अर्बाबांकडे एक जुनी अमेरिकन मोटार होती. दोन दारांची, गडद हिरवी, आठ सिलिंडरांची, आणि तिच्या बॉनेटवर माणूस आडवा झोपावा एवढी लांब. त्यांच्या थोरल्या भावाने कुवेतमध्ये नोकरीला असताना ती घेतली होती आणि वाळवंटातून चालवीत घरी आणली होती. भाऊ निवर्तला, गाडी राहिली. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर अर्बाब ती स्वतः चालवीत गावाबाहेरच्या खजुराच्या बागेत आपल्या वृद्ध आईकडे जात. गाडीचा तो खोल, गडगडणारा आवाज बागेच्या भिंतीपाशी आला की आई आतूनच कॉफी ओतायला सांगे, असे अर्बाब मोठ्या कौतुकाने सांगत. ती गाडी पळण्यासाठी घडवलेली होती. अर्बाब मात्र ती अशी चालवीत, की पाण्याच्या पाटाच्या कडेने चालणारी गाढवे पुढे निघून जात.

त्या वर्षी भाद्रपदाच्या सुमारास गाडीचे प्लग बदलायला झाले. हसनभाई काउंटरवर आले. "भटजी, गरम प्लग दे. अर्बाबला गाढवानं मागं टाकलं तरी हॉर्न नाय मारायचा. थंड प्लग तिथं चालायचा नाय."

वाचकांसाठी हे थोडे उलगडतो. प्लगच्या टोकाशी चिनी मातीचे एक पांढरे नाक असते. नाक लांब असेल तर ते उष्णता धरून ठेवते आणि स्वतःवरची काजळी स्वतःच जाळून टाकते. त्याला गरम प्लग म्हणतात. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते, तो थंड. गाडी भरधाव पळवणाऱ्याला थंड प्लग हवा, नाहीतर टोक वितळते. सावकाश चालवणाऱ्याला गरम हवा, नाहीतर काजळी धरते. वाळवंटातली गाडी म्हणून थंड प्लग, शक्तिमान इंजिन म्हणून थंड प्लग, असे कोणीही नवखा म्हणाला असता. हसनभाईंनी इंजिनाकडे न पाहता चालवणाऱ्याकडे पाहून प्लग मागितला होता, आणि तो अगदी बरोबर होता.

वरच्या फळीवर त्या गाडीला बसणाऱ्या अमेरिकन प्लगांचे दोन खोके होते, एकावर लहान अंक, दुसऱ्यावर मोठा. मामांनी विचारले, "श्रीपाद, गरम कोणता?" मी गिऱ्हाइकाचे सामान बांधीत होतो. आम्ही रोज विकत असू त्या जपानी प्लगांवर अंक जितका मोठा तितका प्लग थंड. हे माझ्या जिभेवर होते. मी मान वर न करता म्हणालो, "लहान अंकाचा." हसनभाईंनी आठ प्लग घेतले आणि गेले. अमेरिकन प्लगांवर क्रम नेमका उलटा असतो. ते त्या कॅटलॉगच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले होते.

पहिल्या शुक्रवारी गाडी बागेपर्यंत गेली पण खोकत गेली. दुसऱ्या शुक्रवारी भर बाजारात बंद पडली. अर्बाब आपला शुभ्र, पायघोळ डिशडाशा सावरीत खाली उतरले आणि चार पाकिस्तानी टॅक्सीवाल्यांनी गाडी ढकलत गॅरेजात आणली. हसनभाईंनी प्लग काढले, काळेकुट्ट. पुसून बसवले. तिसऱ्या शुक्रवारी गाडी बागेच्या भिंतीपर्यंत पोहोचली, पण आवाज असा तुटका, की आईने आतून कॉफी सांगितलीच नाही. कोणी परका आला असेल असे तिला वाटले. अर्बाबांना हे लागले. हसनभाई कार्ब्युरेटर उघडून बसले, जोडला, पुन्हा उघडला. बाजारात बोलले जाऊ लागले की हसनच्या डोळ्यांना आता दिसत नाही. त्यात तथ्य होते. सुईत दोरा ओवायला ते मामींकडे येत आणि चष्म्याचे नाव काढले की चिडत. रविवारी अर्बाबांनी मामांना सांगितले की निझव्याहून नवा मेकॅनिक शनिवारी येतो आहे. हसनचा व्हिसा संपत आला आहे, तो पुन्हा भरायचा नाही. एकवीस वर्षे काम केले, मानाने घरी जाऊ दे. खलास.

हसनभाई मामांना एवढेच म्हणाले, "गेलो तर जाईन. पण ह्या गाडीपायी गेलो म्हणतील. एकवीस सालांतली तेवढीच गोष्ट गावात पोचंल."

त्याच दुपारी मी गॅरेजात पाणी प्यायला गेलो. ट्रेमध्ये ते आठ प्लग पडले होते, आणि शेजारी एका दुसऱ्या गाडीचा जुना प्लग. त्याचे नाक लांब होते. या आठांचे आखूड. मी दुकानात आलो, गिऱ्हाईक नसताना वर्षभराने ते कॅटलॉग खाली काढले आणि तळटीप वाचली. दोनच ओळी होत्या. पायाखालची फरशी गार लागली हे मला स्वच्छ आठवते.

मामांना मी संध्याकाळी सांगितले. त्यांनी उठून दार लोटून घेतले. मग म्हणाले, "कोणाला बोललास?" "नाही." "मग नको बोलू. तुझा व्हिसा माझ्या शब्दावर आहे. उद्या हळूच बरोबर प्लग ट्रेमध्ये ठेव. नवा माणूस येऊन बसवील, गाडी चालेल, सगळे मिटेल." मी म्हणालो, "मग गाडी त्याने दुरुस्त केली असे होईल." मामा म्हणाले, "होऊ दे. हसनभाईंना जायचेच आहे कधीतरी." मामींनी भाकरी थापता थापता हात थांबवला. मामा वाईट नव्हते. परक्या देशी दोन भाच्यांची शिक्षणे आणि एक संसार एका काउंटरवर तोलणारा तो माणूस होता. आणि मी तरी कोणता मोठा? मी चार दिवस गप्प राहिलो. रोज संध्येत सत्य हा शब्द माझ्या तोंडून निघे आणि मी तो चटकन म्हणून पुढे जाई.

गुरुवारी खंडेनवमी होती. मामींनी पाट मांडला, रांगोळीची चार बोटे काढली. विळी, कात्री, मामांचे स्क्रू-ड्रायव्हर, आणि मामांच्या हट्टाखातर ती कॅटलॉग पुस्तकेही. इतक्यात दारावर टकटक झाली. हसनभाई होते. फडक्यात गुंडाळलेला पाना त्यांनी मामींच्या हाती दिला. "वहिनी, ह्या साली परत धाडू नका. तुमच्याकडंच ऱ्हावू दे. पुढच्या साली पूजंला कोण आणून देणार?" आणि उंबऱ्याच्या आत न येता ते गेले.

मी सोवळे नेसून बसलो होतो. संकल्प सोडला, कलश पूजला, विळीला हळदकुंकू वाहिले, कात्रीला वाहिले. पान्यापाशी आलो. दांडा हाताच्या घामाने एका जागी गुळगुळीत झाला होता, तिथे बोटे कशी बसत तेही दिसत होते. हळदीची चिमूट माझ्या बोटांत तशीच राहिली. मी मंत्र म्हणायला तोंड उघडले, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाठ केलेला मंत्र मला आठवला नाही. "मामा," मी म्हणालो, "ही पूजा माझ्याने पुरी होत नाही." मामांनी मान खाली घातली. मामी म्हणाल्या, "जा तू. निरांजनात मी तेल घालत बसते."

सोवळ्यावरच सदरा चढवून मी अर्बाबांच्या मजलिशीत, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, गेलो. दोघे म्हातारे पाहुणे कॉफी पीत बसले होते. अर्बाबांनी माझ्या पितांबराकडे पाहिले. "आज तुम्हारा ईद है?" मी म्हणालो, तसेच समजा, आणि उभ्यानेच सगळे सांगून टाकले. प्लग हसनभाईंनी बरोबर मागितला होता. चुकीचा मी दिला. पुस्तक न उघडता दिला. आणि हे कळून मला चार दिवस झाले.

अर्बाबांनी कप खाली ठेवला. मी व्हिसाची, विमानाची, मामांच्या चेहऱ्याची सगळी चित्रे एकदम पाहिली. ते म्हणाले, "हसन को मालूम है?"

"नाही."

"तो पहले इधर क्यों आया? गाडी मेरा है. इज्जत उसका है. पहले उसको बोलो. यल्ला, जाओ."

इतके साधे होते हे, आणि मला सुचले नव्हते. मालकाला सांगणे मला सोपे वाटले होते; शिक्षा मिळेल आणि सुटेन. गॅरेजच्या दारापर्यंतची ती साठ पावले मात्र मी आयुष्यात सर्वांत सावकाश चाललो. हसनभाई पेटीत पाने लावीत होते. मी सांगितले. त्यांनी ट्रेमधला एक प्लग उचलला, दाराच्या उजेडात हात लांब करून धरला, मग डोळ्यांजवळ आणला, मग शेवटी अंगठ्याच्या नखाने नाक चाचपले.

"आखूड हाय," ते म्हणाले. "मना दिसाया हवं व्हतं. भटजीनं दिला म्हणून बघितला नाय." मग प्लग ट्रेमध्ये परत ठेवीत, "किती दिस झालं तुला कळून?"

"चार."

"चार दिस मी त्या कार्ब्युरेटरच्या आयशीला शिव्या घालतंय रं. त्या गरिबाची माफी कोण मागंल?" मी हसलो नाही, तेही हसले नाहीत. मग म्हणाले, "माझा पाना कुठाय?"

"पाटावर आहे. पूजा अर्धी राहिली."

"मग पुरी कर. पुरी करून घेऊन ये. हळद पुसू नको."

मंत्र आठवला. पूजा पुरी करून मी हळदकुंकवाचा पाना आणि मोठ्या अंकाचा खोका घेऊन गेलो. खोका उघडून आधी नाके पाहिली. हसनभाईंनी सात प्लग बसवले आणि आठवा, भिंतीकडचा, अडचणीतला, माझ्याकडून बसवून घेतला. माझ्या बोटांची साले निघाली. त्यांनी मुद्दामच तसे केले, हे मला तेव्हाही कळले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अर्बाब गाडी चालवायला बसले, शेजारी हसनभाई, मागे मी. बाजारातून आम्ही निघालो तेव्हा एक गाढव खरोखरच पुढे गेले आणि हसनभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिले. गाडी एकदाही खोकली नाही. बागेच्या भिंतीपाशी पोहोचलो आणि अर्बाबांनी इंजिन बंद न करता वाट पाहिली. आतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, आणि पाठोपाठ कपांचा किणकिणाट. अर्बाबांनी मग किल्ली फिरवली. कॉफी झाल्यावर हसनभाईंनी बॉनेट उघडून एक प्लग काढला आणि मला दाखवला. लांब नाक, आणि त्यावर तो रंग: पांढरा नाही, काळा नाही, मामींच्या कढईतल्या नुकत्या भाजल्या रव्याचा.

निझव्याचा मेकॅनिक शनिवारी आला आणि हसनभाईंच्या हाताखाली राहिला. अर्बाबांनी व्हिसा भरला, एका अटीवर: चष्मा. तो लावल्यावर हसनभाई पहिल्यांदा आमच्या घरी आले आणि मामींना म्हणाले, "वहिनी, तुमच्या भिंतीला रंग लावाया झालाय, मना ठावच नव्हतं." मला शिक्षा अशी काही झाली नाही. मात्र पुढची सहा वर्षे, ते दाभोळला परत जाईपर्यंत, माझ्या हातून घेतलेला प्रत्येक प्लग हसनभाई खोक्यातून काढून, उजेडात धरून, नाक बघूनच नेत. रागाने नव्हे, थट्टाही तीच, भटजी म्हणणेही तेच. पण पूर्वी ते न पाहता घेऊन जात. मी सांगितले म्हणून नोकरी राहिली. चार दिवस सांगितले नाही म्हणून ते न पाहणे गेले. जाताना त्यांनी जपून ठेवलेला त्या शुक्रवारचा प्लग फडक्यात बांधून मला दिला, आणि तोच आज पाटावर आहे.

मी अजूनही पंचांग उघडून तिथी सांगतो, स्तोत्र येत असले तरी पोथी समोर ठेवतो आणि तळाची बारीक अक्षरे आधी वाचतो. गुरुजी वरून नुसते बघत असतील. त्यांनी बघावे.

हे वाचणाऱ्या तुम्हांला आणि तुमच्या घरच्या लहानथोरांना माझा आशीर्वाद आहे. तुमच्या चुलीतला, देव्हाऱ्यातला आणि मनातला अग्नी कधी काजळी न धरो, कधी कोणाला न जाळो. तुमच्या दाराशी येणाऱ्याची चाहूल आतल्या म्हाताऱ्या माणसाला ओळखू येवो. आणि ज्याचे देणे शब्दाचे आहे, त्याच्या दारापर्यंतची साठ पावले तुम्हांला चार दिवस आधी चालता येवोत.